हरणासाठी मऊ शिसं

दिगंबर निगवेकरांना एक गोष्ट जन्मजात येत होती. वितळलेल्या धातूकडे नुसतं बघून ते त्यात काय काय मिसळलंय ते सांगायचे. त्यांचे वडील कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. शाळा सुटली की दिगंबर दप्तरासकट तिथे जाऊन बसायचा आणि लाल रस साच्यात उतरताना बघायचा. एक्याऐंशी साली तो धातुशास्त्र शिकायला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आला. शिक्षण संपल्यावर जवळच्याच एका ओतकामाच्या कारखान्यात जो चिकटला, तो छत्तीस वर्षांनी रिटायर होऊनच बाहेर पडला. तोवर गावातल्या मराठी मंडळींत त्याचे दिगूकाका झाले होते. विद्यापीठात नवी मुलं आली की जुनं फर्निचर कुठे मिळतं, बर्फात कोणते बूट चालतात, कोथिंबिरीसाठी किती लांब जावं लागतं, सगळं दिगूकाकांना विचारायचं.

रिटायर होऊन आठ महिने झाले नाहीत तोच त्यांची बायको सुमित्रा आजारी पडली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पाच महिने ती झिजत राहिली. शेवटी शेवटी ती म्हणायची, "अहो, जायचंच आहे तर इतका उशीर कशाला?" ती गेली, आणि घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू राहिलं.

शेजारी मर्ल हाउट्झ राहायचा. शाळेची बस चालवून रिटायर झालेला, बोलायला कमी, मदतीला पहिला. तीस वर्षांत दोघांचं बोलणं बर्फ, गवत आणि गटाराच्या पाइपांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. मर्ल दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतर हरणाच्या शिकारीला जायचा. बंदुकीच्या गोळ्या तो घरीच ओतायचा, कारण त्याचे वडीलही ओतायचे. सुमित्रा गेल्यानंतरच्या तिसऱ्या डिसेंबरात तो एकदा दुपारी दिगूकाकांच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

"डिग," तो म्हणाला, "तू धातूवाला आहेस. माझं कुठे चुकलं सांग."

एक जुना छापखाना बंद पडला तेव्हा मर्लने तिथल्या टाइपाचं शिसं उचलून आणलं होतं. त्याच्या गोळ्या चांदीसारख्या चकचकीत यायच्या. त्यातलीच एक त्याने हरणाला मारली. नेम बरोबर लागला होता, तरी हरीण उठलं आणि पळालं. मर्ल दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी ते सापडलं.

"ते लगेच मेलं नव्हतं," मर्ल म्हणाला. "जमीन उकरलेली होती पायांनी. मी बासष्ट वर्षं शिकार करतोय. असं कधी झालं नव्हतं."

दिगूकाकांच्या घरात कधी अंडंही शिजलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्यांनी चहा पाजून वाटेला लावला असता. पण पायांनी उकरलेली जमीन ऐकली आणि त्यांना सुमित्राच्या पलंगाची चादर आठवली. त्यांनी मर्लकडून एक गोळी मागून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"फार कडक आहे," ते म्हणाले. "छापखान्याच्या शिशात अँटिमनी जास्त असतं. ही गोळी पसरतच नाही. दाभणासारखी आरपार जाते. जखम बारीक होते आणि जनावर सावकाश मरतं."

"मग शुद्ध शिसं वापरू?"

"ते लोण्यासारखं. बंदुकीच्या नळीतच पुसलं जाईल. मधलं काहीतरी शोधावं लागेल."

आणि ते शोधायला लागले. गाडीच्या चाकांना लावायची जुनी वजनं टायरवाल्याकडून आणली, छपराचं मऊ शिसं भंगारवाल्याकडून, आणि डाखाचं कथील घरात होतंच. गॅरेजमध्ये मर्लची विजेची भट्टी मांडली. मिश्रण किती कडक झालं ते बघायला चित्रकाराच्या पेन्सिली आणल्या. कोणती पेन्सिल शिशाला ओरखडा काढते आणि कोणती नुसती घसरते, त्यावरून कडकपणा कळायचा. मग मर्ल नेमबाजीच्या क्लबच्या मैदानावर जाऊन ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गोळी मारायचा आणि दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून लगदा उपसायचे. पहिलं मिश्रण नळीला चिकटलं. दुसऱ्या मिश्रणाच्या गोळीचे आतच तुकडे झाले. तिसरी तर त्यांना सापडलीच नाही. शेवटी निम्मी वजनं, निम्मं मऊ शिसं आणि वर चिमूटभर कथील असं जमलं. गोळी कुत्र्याच्या छत्रीसारखी गोल उमलली होती आणि तिचा एक कणही तुटला नव्हता. दिगूकाकांनी ती रुमालाने पुसून मर्लच्या तळहातावर ठेवली. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले.

या सगळ्याच्या मधोमध घरात आणखी एक आनंद आला होता. त्यांचा मुलगा राजस आणि सून चैत्राली त्यांच्याकडे राहायला आले होते. चैत्राली सांगलीची, विद्यापीठात संशोधन करायची. राजस घरूनच कॉम्प्युटरचं काम करायचा. फेब्रुवारीत त्यांना मुलगी झाली. तिचं नाव अनिका ठेवलं. जूनपासून चैत्राली लॅबमध्ये जायला लागली आणि सकाळी अनिका आजोबांकडे राहू लागली. दूध प्यायली की ती त्यांच्या छातीवर पालथी झोपायची. सुमित्राने विणलेला मरून स्वेटर ते बाराही महिने घालायचे. अनिका त्याची बाही तोंडात घालून चोखत चोखत झोपायची. दिगूकाका तासन् तास हलायचे नाहीत. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचे नाहीत.

एकदा चैत्रालीने विचारलं होतं, "बाबा, गॅरेजातलं ते सेफ आहे ना?"

"अगं, शिसं उकळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाव भागातही मी काम करत नाही," ते हसून म्हणाले. "वाफ होतच नाही. शिवाय दार उघडं असतं, पंखा असतो."

त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यांनी वाफेचाच विचार केला होता. वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरायची ती पळीने काढून ते डब्यात टाकायचे, तेव्हा तिची भुकटी उडायची. शनिवारी कोरड्या झाडूने ते गॅरेज झाडायचे. कारखान्यात कपडे बदलायची खोली होती, अंघोळ करून मगच घरी जायचं हा नियम होता. इथे घर दोन पायऱ्यांवर होतं आणि आत नात उठलेली असायची. ते हात धुवायचे. स्वेटर मात्र अंगावर तसाच.

त्या वर्षी मर्लने हरीण मारलं. धावत येऊन त्याने सांगितलं, "दहा पावलं, डिग. दहा पावलं गेलं आणि खाली बसलं. त्याला कळलंसुद्धा नसेल." त्याच्या तीन मित्रांनीही तसल्याच गोळ्या मागितल्या. मग दिगूकाका हिवाळाभर ओतत राहिले. थंडी वाढली तसं गॅरेजचं दार खाली येत गेलं.

फेब्रुवारीत अनिका एक वर्षाची झाली. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे बोटातून रक्त घेतलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. रक्तात शिसं निघालं होतं. साडेतीनच्या खाली असायला हवं ते एकोणीस होतं. शिरेतून पुन्हा रक्त काढलं, तरी अठरा. डॉक्टर म्हणाल्या की औषध देण्याइतकं नाही, पण वाढत्या मेंदूला कुठलंही शिसं चांगलं नाही. पुढे परिणाम होईल की नाही आणि झालाच तर काय होईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

आरोग्य खात्याची नर्स घरी आली. भिंतींचा जुना रंग बघितला, नळाचं पाणी घेतलं. घरात कोणी शिशाचं काम करतं का, असं तिने विचारलं. राजसने वडिलांकडे बघितलं.

"गॅरेजात थोडंफार करतो," दिगूकाका म्हणाले. "पण बाळ तिथे जातच नाही. छत्तीस वर्षं मी हेच काम केलंय. दर सहा महिन्यांनी माझं रक्त तपासायचे. मला कळतं त्यातलं."

नर्सने लिहून घेतलं. गॅरेजमधलं काम तूर्त बंद ठेवा, आठवड्याभराने धुळीचे नमुने घ्यायला माणूस येईल, असं सांगितलं. मग तिने काजळ, कुंकू, भारतातून आणलेले मसाले यांची चौकशी केली. काही हळदींमध्ये रंगासाठी शिशाची पूड मिसळलेली सापडते, ती म्हणाली.

चैत्रालीचा चेहरा पांढरा पडला. अनिकाच्या खिचडीत ती रोज चिमूटभर हळद घालायची. हळद सांगलीहून तिच्या आईने, प्रतिमाताईंनी पाठवलेली. बरणी नमुना म्हणून गेली. उरलेली सगळी हळद चैत्रालीने पिशवीत बांधून फेकली आणि आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. दिगूकाका टेबलापाशी बसले होते.

"आई, तू काय पाठवलंस गं माझ्या पोरीला?"

"अगं, घरची हळकुंडं. मी उभं राहून दळून आणली..."

"मग गिरणीवाल्याने काय घातलं त्यात? तू बघितलंस? नीट बघितलंस का?"

प्रतिमाताई रडायला लागल्या. "मी माझ्या हाताने भरली गं बाळा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. चैत्रालीने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दिगूकाका हार्डवेअरच्या दुकानात गेले. शिसं ओळखायच्या काड्या मिळतात, त्या त्यांनी आणल्या. शिसं असलेल्या कशावरही घासली की ती लाल होते. आपण उगाच शंका घेतोय, हे स्वतःला दाखवायलाच त्या आणल्या असं त्यांना वाटत होतं. राजस वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. न्हाणीघराला कडी लावून त्यांनी काडी स्वेटरच्या बाहीवर घासली.

काडी लाल झाली. कुंकवासारखी लाल. दुसरी छातीवर घासली, तीही लाल. ज्या ठिकाणी अनिकाचा गाल टेकायचा, तिथे.

ते टबच्या काठावर बसून राहिले. बाहेर अनिका दारावर थापा मारत होती.

त्याच क्षणी दार उघडून सांगायला हवं होतं. माणूस स्वतःला पुढे हजार वेळा विचारतो की का नाही सांगितलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. त्यांनी स्वेटर तीन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकला. ओल्या फडक्याने घर पुसायला घेतलं. सोफा, गालिचा, पायऱ्या, दारांच्या मुठी. रोज पुसायचे. अनिकाला उचलण्याआधी अंघोळ करायचे. सुनेला वाटलं, बाबा किती करताहेत. ती म्हणालीही, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे." त्यावरही ते मूग गिळून बसले. नर्सच्या माणसाने येऊन धुळीचे नमुने घेतले तेव्हा घर लख्ख होतं. राजसने गॅरेज दाखवलं, तेही पाण्याने धुतलेलं.

या दिवसांत चैत्राली आईशी बोलत नव्हती. प्रतिमाताईंचा फोन यायचा तो राजस घ्यायचा. एकदा तो फोन ठेवून म्हणाला, "आई जेवत नाहीयेत म्हणे. गिरणीवाल्याशी भांडून आल्या. सगळी हळद अंगणात खड्डा करून पुरली." दिगूकाकांनी चहाचा कप उचलला आणि परत खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी हळदीचा रिपोर्ट आला. हळद शुद्ध होती.

चैत्राली स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसली. तिने रिपोर्ट दोनदा वाचला. "मग कुठून?" ती म्हणाली. "हळद नाही, पाणी नाही, रंग नाही. मग कुठून आलं माझ्या पोरीच्या रक्तात?"

"माझ्या स्वेटरमधून," दिगूकाका म्हणाले.

त्यांनी काडीची गोष्ट सांगितली. स्वेटर टाकून दिल्याचं, घर पुसल्याचं.

"वेट," राजस म्हणाला. "तू टेस्ट केलीस? कधी?"

"मंगळवारी."

"परवाच्या?"

"नाही. त्याच्या आधीच्या."

"यू न्यू? नऊ दिवस तुला माहीत होतं?" राजसचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तुला कळतं त्यातलं, असं तू म्हणालास. आम्ही तुझ्यावर बिलीव्ह केलं."

चैत्राली उठली. नळाखाली हात धुतले, अनिकाला कडेवर घेतलं आणि खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, फोनवरचा. "आई," एवढंच आधी. मग बराच वेळ नुसतं रडणं.

आठवड्याच्या आत ते दोघे अनिकाला घेऊन विद्यापीठाजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. सामान हलवायला दिगूकाका पुढे झाले तेव्हा चैत्राली दारात थांबली.

"शिशाचं मी समजू शकते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम नाही केलं. चूक कोणाच्याही हातून होते. पण माझी आई तिकडे उपाशी बसली होती, आणि तुम्ही माझ्यासमोर चहा पीत होता. ते मला नाही जमत विसरायला."

दिगूकाकांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

मर्लला सगळं कळल्यावर तो भट्टी न्यायला आला आणि गॅरेजात नुसता उभा राहिला. "मी विचारायला यायलाच नको होतं," तो म्हणाला.

"तू मिश्रण विचारलंस," दिगूकाका म्हणाले. "ते बरोबरच सांगितलं मी."

त्यांनी सांगलीला फोन केला तो पंधरा दिवसांनी. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, पण पलीकडून "बोला" ऐकताच कागद निरुपयोगी झाला. "ताई, मी तुमचा गुन्हेगार आहे," ते म्हणाले.

प्रतिमाताई बोलल्या. "हळदीचं मला काही वाटत नाही हो. माझ्या नातीच्या तोंडात माझ्या हातून विष गेलं, असं समजून मी दहा दिवस जगले. आता ते तुमच्या वाट्याला आलंय. ते कसं असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तुम्हाला काही बोलणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला. बोलणार नाही म्हणाल्या, ते त्यांनी पाळलं. पुन्हा कधीच बोलल्या नाहीत.

मे महिन्यात अनिकाचा आकडा अकरावर आला, सप्टेंबरात सहावर. राजस हे मेसेजने कळवायचा, फक्त आकडा. त्या उन्हाळ्यात त्याला अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली आणि ते तिघे व्हर्जिनियाला गेले. दिगूकाका घरात एकटेच राहिले. मराठी मुलं अजून यायची. ते त्यांना दारातच उभे राहून माहिती सांगायचे, आत बोलवायचे नाहीत.

अनिकाच्या दुसऱ्या वाढदिवसाला बोलावणं आलं. राजसने लिहिलं होतं, "चार ते सहा." दिगूकाका आदल्या दिवशीच अ‍ॅशबर्नला जाऊन मॉटेलमध्ये उतरले. सकाळी दोनदा अंघोळ केली आणि दुकानातून आणलेला नवा कोरा शर्ट घातला.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. पोरं पळत होती, ओरडत होती. "ममा, बलून!", "माझा केक!", "नो, इट्स माइन!" अनिका या सगळ्यांतून गप्पपणे फिरत होती. गोरी, गुटगुटीत, डोळे आईचे. काही हवं असलं की ती आईचं बोट धरून तिकडे न्यायची. आजोबांकडे तिने अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि ती पुढे गेली. एका बाईने चैत्रालीला सहज विचारलं, "काय काय बोलते गं?" चैत्राली म्हणाली, "अजून फारसं नाही. स्पीच थेरपी सुरू केलीय." मग ती केक कापायची सुरी शोधायला लागली. कोणी तरी म्हणालं, काही मुलं उशिरा बोलतात, त्यात काही नाही. सगळ्यांनी होकार दिला. दिगूकाका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही.

सहाला ते निघाले. चैत्रालीने डब्यात केक भरून दिला, "सावकाश जा" म्हणाली. राजस गाडीपर्यंत आला. दिगूकाका आत बसले, पट्टा लावला, तरी तो उघडं दार धरून उभाच राहिला. संध्याकाळचा शेवटचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता. चाळिशीचा मुलगा क्षणभर अगदी लहान दिसला.

"बाबा," तो म्हणाला, "मी पण लेट बोललो होतो, ना? आई म्हणायची असं काहीतरी. मला नीट आठवत नाही."

त्याला काय ऐकायचं होतं ते दिगूकाकांना दिसत होतं. एक शब्द पुरला असता. सुमित्रा नव्हती, सांगणारं दुसरं कोणीच नव्हतं. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलाही.

"नाही रे," ते म्हणाले. "तू सव्वा वर्षाचा असताना बोलायला लागलास. थांबायचाच नाहीस."

राजसने मान हलवली. "ओके," तो म्हणाला. त्याने दार हलकेच लावलं, काचेवर दोन बोटं टेकवली आणि घराकडे वळला. आत कोणी तरी लहान मूल मोठ्याने गाणं म्हणत होतं. ती अनिका नव्हती.